भागीदाराचा खोकला

माझ्या भागीदाराने मला फसवलं. पैशात नाही. पैशात तो सरळ माणूस आहे, आणि नसता तरी माझ्यापुढे त्याचं काही चाललं नसतं. त्याने मला खोकल्यात फसवलं.

आमचा धंदा लिंबाचा. मिरजगावच्या आजूबाजूच्या बागा आम्ही उक्त्या घेतो, म्हणजे झाडावरचं फळ नुसतं नजरेने जोखायचं आणि सगळ्या बागेचा मिळून एकच भाव ठरवायचा. मी डोक्यावर पाटी घेऊन लिंबं विकण्यापासून सुरुवात केली. आज आमचे दोन टेम्पो आहेत आणि ते कुणाच्या मेहेरबानीने आलेले नाहीत. भाव मी करतो. भागीदार तोवर झाडांतून हिंडतो, पानं उलटून बघतो, आणि खोट दिसली की खोकतो. एकदा खोकला की थांब, दोनदा खोकला की ऊठ. बागवाल्यासमोर बोलता येत नाही, म्हणून ही खूण आम्ही पहिल्या वर्षीच ठरवली होती.

मागच्या हिवाळ्यात एक चांगली बाग हाताशी आली होती. मालक माझ्या भावावर जवळजवळ आलाच होता. तेवढ्यात मागून दोनदा खोकला ऐकू आला. मी धोतर झटकून उठलो, नमस्कार केला आणि चालू पडलो. टेम्पोत बसल्यावर विचारलं, "काय दिसलं रं?"

"कुठं काय? बाग झकास हुती."

"मग खोकलास कशाला?"

"खोकला आला म्हनून खोकलो! आता खोकायचीबी परवानगी काढू का तुझी?"

घरी येईपर्यंत मी त्याला शिव्या घातल्या. ती बाग दुसऱ्या व्यापाऱ्याने घेतली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं, तेव्हा मी सांगितलं की आजपासून खोकल्याची खूण बंद, खोट दिसली की टोपी काढायची. त्याने ते ऐकलं. मी त्याच्या टोपीवर डोळा ठेवायला लागलो, आणि खोकल्याकडे माझं लक्षच राहिलं नाही. थंडीमुळे टेम्पोच्या काचा वर असायच्या. तो खोकायचा, मी भावाचे हिशेब करायचो. फवारणीचं औषध घशात गेलंय, असं तो म्हणायचा.

उन्हाळा लागता लागता त्याच्या बायकोने मला हाक मारली. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत.

"भावजी, रागावू नका. त्यांना टीबी हाय. नगरच्या डाक्टरकडचं औषध चालू हाय. तुमी पन तपासून घ्या, आन् बाळालाबी दाखवा."

"कवापासनं हाय?"

"ते त्यांनाच इचारा. त्यांनी मला सांगू नको म्हनलं हुतं."

बाळ म्हणजे माझी नात, मुलाची मुलगी. तेव्हा आठ महिन्यांची होती.

दुसऱ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यात गेलो. हाताच्या आतल्या बाजूला कातडीत बारीक सुई टोचली. खाजवायचं नाही, चोळायचं नाही, दोन दिवसांनी हात दाखवायला यायचं, असं सांगितलं. एका रात्रीत तिथे लाल, टणक गाठ आली. मी मनाशी ठरवून टाकलं की झालं, आपल्याला लागलं. कुणाला न विचारता खाट लिंबाच्या शेडमध्ये टाकली आणि ताट वेगळं केलं. बायको दारात येऊन उभी राहिली.

"बाजारात सगळ्यांवर ओरडता आन् एका फोडाला भ्यालात व्हय?"

तिच्या कडेवर नात होती. नात माझ्याकडे झेपावत होती आणि मी घेत नाही म्हणून रडत होती. मी हात पाठीमागे धरून उभा होतो. आयुष्यात मी कुणापुढे असा उभा राहिलेलो नाही.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने गाठीवर बोट फिरवून मोजपट्टी लावली.

"सोळा मिलिमीटर. पॉझिटिव्ह आहे."

"लाल धरून मोजलं का?"

"लाल धरत नाहीत, काका. फक्त टणक भाग."

"हाताला केस आहेत. पट्टी नीट बसली नाही. पुन्हा मोजा."

तिने पुन्हा मोजलं. "सतरा. अजून एकदा मोजू?"

मी बाही खाली ओढली. मग तिने खुर्ची जवळ ओढून सांगितलं. पॉझिटिव्ह म्हणजे जंतू कधीतरी अंगात शिरलेत, एवढंच. आजार झाला असं नाही. जंतू झोपलेले असतील तर माझ्यापासून कुणालाही काही होत नाही. जागे आहेत का, ते बघायला छातीचा फोटो काढायचा. तिने खोकला, ताप, रात्रीचा घाम, घटलेलं वजन, सगळं विचारलं. यातलं मला काहीच नव्हतं. फोटो स्वच्छ आला.

"मग सुटलो?"

"नाही. झोपलेले जागे होऊ नयेत म्हणून गोळ्या घ्यायच्या. आठवड्यातून एकदा, तीन महिने."

"दीड महिन्यात भागवा."

"हा बाजार नाही, काका. दारू घेत असाल तर ती बंद. उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले, तर लगेच इकडे यायचं. आणि खाट घरात घ्या."

मी खाट घरात घेतली. पण नातीचं एवढ्यावर भागलं नाही. तिलाही तपासलं, तिचाही फोटो काढला. पोरगी ठणठणीत होती. तरी डॉक्टर म्हणाली, इतक्या लहान मुलांमध्ये हा आजार झपाट्याने वाढतो, त्यामुळे हातावर गाठ येते का याची वाट बघत नाहीत. तिला रोज गोळी, सहा महिने. सून गोळी कुटून पाण्यात कालवते, मी नातीचे हात धरतो, आणि ती अर्धं औषध माझ्या सदऱ्यावर थुंकते. मला आठवड्यातून एकदा आणि तिला रोज, हा सौदा मला अजून पटलेला नाही.

डॉक्टरने आणखी एक गोष्ट सांगितली. औषध सुरू होऊन काही आठवडे गेले की पेशंटच्या खोकल्यातून सहसा आजार पसरत नाही. धोका असतो तो औषधाआधी आणि अगदी सुरुवातीला. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एकच संध्याकाळ आहे. संक्रांतीनंतर आमच्याकडे नातीचं बोरन्हाण होतं. पोरांनी बोरं, चुरमुरे लुटले, आणि नातीला सगळ्यात जास्त वेळ मांडीवर घेऊन बसला तो भागीदार. तोंडाला तोंड लावून खेळवत होता.

मी त्याच्या घरी गेलो. तो खाटेवर बसला होता, अंगाने निम्मा झाला होता.

"सांगितलं का न्हाईस?"

"टीबीवाल्याच्या हातचं लिंबू कोन घेईल? आन् तू तरी टेम्पोत शेजारी बसला असतास का?"

कदाचित बसलो नसतो. बसायचं की नाही, हे मला ठरवू द्यायला हवं होतं.

"बोरन्हाणाला तुला म्हाईत हुतं का?"

"तारखा न्हाईत आठवत आता."

ज्याला कुठल्या बागेत कोणत्या सालात किती फळ धरलं ते आठवतं, त्याला हे आठवत नाही.

आजार झाला यात त्याचा दोष नाही. तो कुणालाही होतो. माझ्या हातावरच्या गाठीचं मी सोडून दिलं आहे. त्याची औषधं चुकू नयेत म्हणून त्याला दवाखान्यात टेम्पोतून मीच नेतो, आणि वाटेत आम्ही बोलत नाही. नातीचं औषध त्याने काहीही सांगितलं तरी चालूच राहणार आहे. डॉक्टरला त्याच्या उत्तराची गरज नाही. मला आहे. माहीत नसेल तर तसं म्हणावं, मी त्याच क्षणी विषय मिटवीन. पण नगरच्या डॉक्टरने आजाराचं नाव सांगितल्यावर तो आमच्या दारात आला असेल, आणि तरीही त्याने पोरगी मांडीवर घेतली असेल, तर त्याने माझ्या सुनेसमोर उभं राहून तसं सांगावं. माहीत होतं की नव्हतं? एका शब्दात सांगावं.