कानबाईने आडनाव विचारलं नाही

त्या श्रावणात मी कानबाईवर रागावले होते, हे आधीच सांगून टाकते. देवीवर कुणी रागावतं का, असं तुम्ही म्हणाल. पण आईवर नाही रागवायचं तर कुणावर रागवायचं? आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई घरी येते आणि सोमवारी सकाळी नदीवर जाते. नारळाला नथ घालायची, डोळे रेखायचे, चौरंगावर बसवायचं, की झाली कानबाई. गावोगावचे भाऊबंद गोळा होतात आणि तिच्या नैवेद्याचे कणकेचे जाड रोट एका पंगतीला बसून खातात. हा रोट मात्र भाऊबंदांतच संपवायचा, परक्याच्या तोंडी त्याचा कणही जाऊ द्यायचा नाही. आमच्या सासूबाई तर रोट खाल्लेल्या हातांचं पाणीसुद्धा अंगणातल्या खड्ड्यात जिरवायच्या, इतकं कडक.

माझे धाकटे दीर जळगावला नोकरीला होते. तिथल्याच एका दवाखान्यात नर्स असलेल्या वंदनाशी लग्न करायचं त्यांनी मनात धरलं. मुलगी कामसू, कमी बोलणारी, पण हसली की समोरच्याचा शीण जावा. अडचण एकच, ती अनाथाश्रमात वाढलेली. आईबाप कोण, गाव कोणतं, कुणालाच ठाऊक नाही. सासूबाईंनी तेवढंच धरून ठेवलं, "कोणाची पोर म्हणून मी तिला भाऊबंदांपुढे उभी करू?" त्या वाईट नव्हत्या हो. दारचा भिकारी कधी उपाशी गेला नाही आमच्याकडून. पण कूळ म्हटलं की त्यांचं डोकं दगडाचं व्हायचं, आणि त्या दगडावर मी वर्षभर कपाळ आपटून घेतलं होतं.

त्या वर्षी पंधरा ऑगस्ट सोमवारी आला. शनिवार, रविवार जोडून सुट्टी. दिरांनी आईकडून कसंबसं कबूल करून घेतलं की वंदना पाहुणी म्हणून धुळ्याला येईल, वहिनी तिला गाव दाखवेल, आईने तिला डोळे भरून बघावं आणि सोमवारी कानबाई बोळवल्यावर हो की नाही ते एकदाचं सांगावं. सासूबाई म्हणाल्या, "येऊ दे. पण रोटाच्या वेळी घरात नको." त्यांचं उत्तर काय असणार, ते आम्हा सगळ्यांना कळून चुकलं होतं.

आता धुळ्यात बघण्यासारखं काय आहे, असं धुळ्याचीच माणसं विचारतात, तिथे माझी काय कथा! शनिवारी तिला एकवीरा देवीला नेलं, पांझरा नदीचा काठ दाखवला, आग्रा रोडवरच्या दुकानांतून उगीच साड्या उलगडायला लावल्या. आमच्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत, हे ऐकून ती हसली. म्हणाली, "आमच्या वॉर्डातल्या खाटांसारखं!" मला वाटलं, चला, रुळली पोरगी. पण देवळाच्या पायरीवर बसल्यावर ती हळूच म्हणाली, "वहिनी, आई नाही म्हणाल्या तर मी तुमच्या दिरांना घर तोडायला लावणार नाही. मी लांबच्या गावी बदली मागून घेईन. तुम्ही त्यांना समजवा." मला हुंदका आवरेना. समोर देवी आणि माझ्या मनात कानबाई. तिलाच मी म्हटलं, आईच ना गं तू? मग लेकराला घास भरवण्याआधी आडनाव कसलं विचारतेस?

रविवारी दुपार कलली आणि घरात रोटांची धांदल सुरू झाली. चुलत जावा आल्या होत्या, हातांना तोटा नव्हता. सासूबाईंनी नजरेनेच खुणावलं आणि मी वंदनाला घेऊन बाहेर पडले. सणाच्या दिवशी घरची थोरली सून रस्त्यावर! माझं पित्त असं खवळलं होतं की पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात कधी पोचलो ते कळलं नाही. त्यात वंदनाची चप्पल तुटली. एका घराच्या ओट्यावर टेकलो. आत कानबाई बसलेली, गाणी चाललेली, बायकांची ही गर्दी. पांढऱ्या केसांची एक बाई दारात आली, सगळे तिला अक्का म्हणत होते. "बाहेर काय बसल्या? दर्शनाला काही वर्गणी आहे का?" असं म्हणत तिने आम्हाला आत घेतलं. दर्शन सगळ्यांना मोकळं असतं, म्हणून मीही गेले.

हात जोडले, डोळे मिटले, आणि माझं भांडण पुन्हा सुरू झालं. किती वेळ भांडले देव जाणे. डोळे उघडले तर वंदना शेजारी नाही. आतल्या खोलीत पंगत बसलेली, आणि त्या घरच्या पोरींच्या मधोमध, मांडी घालून, आमची वंदना जेवतेय! ताटात गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर आणि रोट. रोट अर्धा संपलेला.

"अगं बाई! काय केलंस हे!" मी किंचाळलेच. सगळी पंगत थांबली. एक म्हातारेबुवा म्हणाले, "ही कोण?" अक्कांच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. त्यांना वाटलं होतं, सुरतेला राहणाऱ्या पुतण्याची लेक आली. लहानपणी पाहिलेली, तोंडावळा कुठला आठवायला! त्यांनी दंड धरून बसवलं होतं आणि परक्या घरात नाही म्हणायचं कसं, म्हणून ही बसली होती. ती बिचारी पांढरीफटक पडली. उठून हात जोडले. म्हणाली, "चुकलं माझं. मला कुणी नाही, म्हणून मला हे काही माहीतच नाही." एवढंच बोलली. पण ते "मला कुणी नाही" ऐकून बायका खाली बघायला लागल्या.

म्हातारेबुवा पुटपुटले, "आता काय करायचं?" अक्का वळून कानबाईकडे बघत राहिल्या. मग भांडं खाली ठेवलं आणि ठणकावून म्हणाल्या, "रोट पोटमा गया. आते काय इचारतस? कानबाईनी जिले जेवाडं, ती आमनी पोर शे." आणि वंदनाला खांदे दाबून पुन्हा पाटावर बसवलं. "जेव. ताटात टाकू नको." ती जेवली. रडत रडत जेवली, पण ताट स्वच्छ केलं. अक्कांनी मला विचारलं, ही कोणाकडे उतरली आहे? मग काय, माझ्या तोंडाला बांध थोडाच आहे! सासूबाई, दीर, कूळ, बदली, सगळं ओकले. त्यांनी गल्लीचा नंबर तेवढा नीट विचारून घेतला.

घरी मी अवाक्षर बोलले नाही. बोलणार तरी काय? आरतीला उभी राहिले तेव्हा कानबाईला म्हटलं, माझी अक्कल संपली बाई. आता तूच बघ. तेवढं म्हटल्यावर मात्र छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

सोमवारी सकाळी शाळेची पोरं झेंडे घेऊन प्रभातफेरी काढून गेली, आणि मागोमाग आमची कानबाई निघाली. चौरंग थोरल्या चुलत सासूबाईंच्या डोक्यावर. वंदना सगळ्यांच्या मागे, भिंतीला लागून. गल्लीच्या तोंडाशी आलो तर समोरून बँड वाजत येतोय! सगळ्या कानबाया नदीकडे चाललेल्या, आणि ही एक नदीकडून उलटी आमच्या गल्लीत शिरतेय. पुढे अक्का, हातात ओटीचं सूप, मागे त्यांचे सगळे भाऊबंद, बाया, पोरी. दोन कानबाया समोरासमोर उभ्या राहिल्या आणि बँड थांबला.

"विहीणबाई," अक्का म्हणाल्या, "आमची पोर तुमच्याकडे पाहुणी आलीये."

"तुमची पोर?" सासूबाईंना काही उमगेना.

"आमचा रोट खाल्लाय तिने. कानबाईपुढे बसून. विचारा आमच्या कोणालाही."

सासूबाई वंदनाकडे बघायला लागल्या. जन्मभर त्यांनीच सांगितलं होतं, रोट खाईल तो भाऊबंद. आता ते खोटं कसं म्हणणार, तेही दोन कानबायांच्या समोर? पण सासूबाई पक्क्या! त्यांनी विचारलं, "देवक कोणतं तुमचं?" देवक सारखं निघालं तर सोयरीक होत नाही, आणि ह्या गोष्टीचा मी विचारच केला नव्हता.

"कळंब," अक्का म्हणाल्या.

आमचं उंबर. सासूबाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. पुढे झाल्या, वंदनाला हाताला धरून भिंतीपासून ओढून आणलं आणि आम्हा सुनांवर खेकसल्या, "उभ्या काय राहिल्या ठोंब्यासारख्या? मुलीच्या माहेरची माणसं दारात आली, कुणी पाणी तरी विचारलं का?" आणि बँडवाल्यांकडे वळून, "वाजवा रे!"

काय वाजवलं त्यांनी! दोन्ही कानबाया बरोबरीने पांझरेवर गेल्या. सासूबाई आणि अक्का ह्या वयात भर रस्त्यात फुगडी खेळल्या. दीर तर लहान पोरासारखे नाचले. मी नदीच्या पाण्यात उभी राहून कानबाईची क्षमा मागितली नाही, नुसतं ये गं पुढच्या वर्षी म्हटलं आणि मोठ्याने रडले. कुळाचा नियम मोडावा म्हणून मी वर्षभर सासूबाईंशी वाद घातला होता. कानबाईने नियम एकही मोडला नाही आणि पोरीच्या पदरात अख्खं माहेर टाकलं. मी हात टेकले तेव्हा तिचं काम आधीच होऊन गेलं होतं. आपण हात टेकायलाच फार उशीर लावतो.

लग्न त्याच हिवाळ्यात झालं, कन्यादान अक्कांच्या मुलाने केलं. पुढच्या श्रावणात वंदना माझ्याबरोबर देवपुरात दर्शनाला गेली. आत पंगत बसली होती. ती हौसेने पाटाकडे वळली तशी अक्कांनी तिचा हात धरला. "तुला नाही देत आता. लग्न झालेल्या लेकीला रोट देत नसतात. सासरचा खा जाऊन." मला वाटलं, पोरीचं तोंड उतरेल. ती मात्र परतताना पुलावर थांबली, माझ्या गळ्यात पडली आणि रडता रडता हसत सुटली. "वहिनी, ऐकलंत ना? लेकीला देत नसतात म्हणाल्या!"