गोचिडाची पावडर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीलाही नाही. कितीदा सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि भलतंच काही बोलून मिटलं. चहा झाला का, पंखा बारीक करू का — असलं काहीतरी. आता ऐंशी उलटली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हांला सांगता येईल.

बहात्तरच्या दुष्काळात मी पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होतो. घरात माझी आई, बायको सुमन आणि सहा वर्षांची मंदा. प्यायला पाणी मिळायची मारामार, तिथं डोकं धुवायला कुठलं? गावातल्या सगळ्याच पोरींच्या डोक्यात उवा झाल्या. आणि मी काय करायचो — प्रार्थना झाली की मुलींची डोकी तपासायचो, उवा दिसल्या की घरी पाठवायचो. एकदा अशीच घरी निघालेली एक पोर दारातून वळून म्हणाली, "गुरुजी, तुमच्या मंदीला बी धाडा की! लई चालत्यात तिच्या डोक्यात." वर्ग हसला. मंदाही हसली, तिला काही कळलंच नव्हतं.

मला मात्र ते फार लागलं. एवढ्याशा गोष्टीनं? हो, एवढ्याशाच.

त्या रविवारी सुमन टँकरच्या रांगेत गेली होती. गोठ्यात म्हशीच्या गोचिडांसाठी आणलेल्या पांढऱ्या पावडरीचा डबा होता. गोचीड मरतं, तर ऊ का नाही मरणार? — हा माझा विचार, शिकलेल्या माणसाचा. मी मंदाच्या केसांत मूठभर पावडर चोळली, वर फडकं गच्च बांधलं. मग स्वतःचे हात साबणानं धुतले. एकदा धुतले, परत धुतले. म्हणजे मला ठाऊक होतं ना? की नव्हतं? तिला म्हणालो, "आईला सांगायचं नाही हं." ती म्हणाली, "नाही सांगणार, अण्णा."

उवा गेल्या, परत आल्या. मी परत पावडर लावली. सुमन पाण्याला गेली, की लावायची; ती यायच्या आत फडकं सोडून केस झटकायचे.

मग एका सकाळी मंदा दारातच कोसळली. डोळे वर गेले, दातखीळ बसली, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागले. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल हुंगवली. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मी पावडरीचा आणि झटक्यांचा संबंध जोडला नाही, खरंच नाही. की मला जोडायचाच नव्हता?

आईनं कारण शोधून काढलं. "गिरान पाळलं न्हाई हिनं. पोटुशी असताना इळीवर काकडी चिरत बसली. मग पोर आकडंल न्हाई तर काय व्हईल?" सुमननं ग्रहणात काकडी चिरली होती, हे खरं. "भूक लागली होती हो," एवढंच ती म्हणाली. त्या दिवसापासून तिनं ते स्वतःच्या माथी घेतलं.

आणि मग आमच्या रेडकानं सांडलेली पावडर चाटली. संध्याकाळी ते गोठ्यात आडवं पडून झटके देत होतं — डोळे वर, पाय ताठ. अगदी मंदासारखं. मी बघत उभा राहिलो. ते मेलं. मी डबा गोठ्यामागं पुरला आणि गप्प बसलो.

पुढच्याच आठवड्यात आम्ही एसटीनं नगरला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. फार शांतपणे विचारत होते ते. घरात फवारणीचं औषध असतं का? उंदरांचं? मुलीच्या डोक्याला काय लावता?

मी म्हणालो, "खोबरेल."

मंदानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बोलली मात्र नाही. कबूल केलं होतं ना तिनं.

निघताना सुमननं चाचरत ग्रहणाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "छे हो बाई! गुरुजी, तुम्ही शिकलेले, तुम्हीच समजवा यांना." मी मान हलवली. समजावलं मात्र कधीच नाही.

कारण सापडलं नाही, म्हणून रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी मंदा वर्गात पेंगायची, पाढे विसरायची. फेफऱ्याची मंदी, असं नाव पडलं. तिसरीनंतर तिची शाळा सुटली — गुरुजींच्याच मुलीची.

आता जे सांगतो, ते त्याहून वाईट आहे. डबा पुरून कित्येक महिने झाल्यावर मंदाला आणखी एकदा झटका आला. आणि मला आनंद झाला. पोर जमिनीवर तडफडत होती आणि मी मनात म्हणत होतो, म्हणजे ती पावडर नव्हती, मी नव्हतो! त्यानंतर मात्र झटका कधीच आला नाही. मग तो शेवटचा कशाचा होता? अंगात उरलेल्या विषाचा? की पावडरीचा काही संबंधच नव्हता? अजून कळत नाही. कुठल्याही डॉक्टरला विचारता आलं असतं. विचारलं नाही.

मंदा आज केडगावला असते, सुखात आहे. तिला ते फडकं आठवतं का, मला माहीत नाही.

सुमननं त्यानंतरचं एकही ग्रहण चुकवलं नाही. पाण्याचा घोट नाही, जागचं हलणं नाही. शेवटच्या दुखण्यातही एक ग्रहण आलं, तेव्हा तिनं औषधाची गोळीसुद्धा घेतली नाही. ग्रहण सुटल्यावर मी तिला टेकवून बसवलं, पाणी पाजलं. तिनं हात जोडले.

"अहो, माझ्या त्या काकडीपायी पोरीचं वाटोळं झालं. तुम्ही एका शब्दानं कधी बोलला नाहीत. मला माफ करा."

पेला माझ्या हातातच होता. सुमन, माफी मी मागायची आहे — एवढंच म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं.

मी म्हणालो, "केलं माफ."