वाकडं काज

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात बायको काजं करायची आणि मास्तर तिचा उद्धार करायचे. "डोळे फुटलेत का? या काजातून बटण जायचंय की म्हैस?" गिऱ्हाइकं हसायची आणि ती "मग करा तुम्हीच" म्हणून फटकारायची. लग्न झाल्यापासून हेच चाललं होतं. कौतुकाचा शब्द काही मास्तरांच्या तोंडून कधी निघाला नाही.

पन्नाशीनंतर त्यांना फेफरं यायला लागलं. सुरुवातीला झटका ओसरला की थोडा वेळ बोलता यायचं नाही, मग तोंडाचा पट्टा पुन्हा सुरू. पुढे मात्र गेलेले शब्द परतेनात. आधी माणसांची नावं गेली, मग कात्री, सुई, दोरा. गोळ्या बदलल्यावर झटके थांबले, पण तोवर मास्तरांची वाचा पार आटली होती. हात तेवढे शाबूत होते, मशीन पूर्वीसारखंच चालायचं.

ते मुकं दुकान बायकोला खायला उठायचं. एका दुपारी तिने मुद्दाम एक काज वाकडं केलं, आंधळ्यालाही दिसेल इतकं, आणि सदरा त्यांच्यापुढे टाकला.

"बघा, जमलंय का."

मास्तरांनी काजावरून बोट फिरवलं. मान वर केली. ओठ हलले, कपाळावरची शीर तटतटली. ती पुढे झुकली. आता म्हैस निघेल, निदान अर्धी तरी.

मास्तरांनी तोंड मिटलं. सदरा बाजूला ठेवला आणि उभ्या संसारात पहिल्यांदाच तिची पाठ थोपटली.