धाकट्याच्या ट्रकमधलं जास्तीचं बटण

पोळ्याचा दुसरा दिवस, १९७४. हजर: वडील, धाकटा भाऊ आणि मी. शिवाय जुन्या जालन्यात आमच्या दारासमोर उभा असलेला धाकट्याचा ट्रक. डिझेलचा, जुना, नुकताच विकत घेतलेला. ट्रक घ्यायचं आधी माझ्या मनात होतं, घेतला त्यानं. सकाळपासून वडील त्या ट्रकभोवतीच कौतुकानं फिरत होते.

स्टिअरिंगखाली आधीच्या मालकानं एक बटण बसवून घेतलेलं होतं. ते दाबून काहीच होत नव्हतं. आता हे आपणच शोधायचं, असं मी ठरवलं. दिवे, हॉर्न, वायपर एकेक तपासून बाद केले.

"दादा, उतरा आता, सीट माझी हाय," धाकटा हसला.

मी बटणापासून निघालेल्या तारेवर बोट फिरवत वर गेलो. तार रेणुकाईच्या तसबिरीमागे संपत होती. आधीच्या मालकानं लावलेली देवाची तसबीर उतरवून धाकट्यानं आपली लावली होती. जुन्या तसबिरीबरोबर तिचा दिवाही गेला होता.

"बाबा, हे देवाच्या दिव्याचं बटण आहे," मी सांगितलं.

वडिलांनी हात जोडले. "धाकट्याचं नशीब बघ! देवीनं आधीच सोय करून ठेवल्ती."

"अन् शोधलं कोणी?"

"तूच. मंग आता जल्दी बल्ब घेऊन ये."

बल्ब आणायचं ते काम माझ्या यादीत अजून तसंच आहे.