हार्लेमची रविवार-फेरी, पुलाउ उबीनवर

कादंबरी संपली तेव्हा मी सिंगापूरमधल्या यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर होते आणि मला तडक नटूनथटून रस्त्यावर उतरावंसं वाटत होतं. न्यूयॉर्कमधलं हार्लेम, कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती, तिची ही गोष्ट. तळघरात जॅझ, न्हाव्याच्या दुकानात कवितेवरून भांडणं आणि रविवारी अख्खी वस्ती ठेवणीतले कपडे घालून हमरस्त्यावर फेरीला. घाई कुणालाच नाही. भेटेल त्याच्याशी थांबून बोलायचं. मला या पुस्तकाने वेडच लावलं.

पुढच्या बैठकीसाठी मी तेच सुचवलं, पण आमच्या वाचन मंडळाला त्याने वेड लावलं नाही. तिथे आजवर फक्त मराठी पुस्तकं, त्यातही बहुतेक पुण्याच्या आठवणी. माणसंही गळत चाललेली. मंडळ सुरू करणाऱ्या सुलभाताईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "आपला काय गं संबंध हार्लेमशी? ही बैठक रंगली नाही तर मंडळ बंद करू. उगाच ओढायचं कशाला?"

मंडळ बंद? इथे मराठीत मनसोक्त वाद घालता येईल अशी माझी ती एकच जागा. मी हट्टाला पेटले. बैठक नेहमीसारखी कॉन्डो सोसायटीच्या हॉलमध्ये नको, पुलाउ उबीन बेटावर घ्यायची आणि सगळ्यांनी ठेवणीतलं नेसून यायचं, असं जाहीर करून टाकलं.

तुम्ही जाणार असाल तर यिशुनहून बसने टॅम्पिनिस, तिथून दुसऱ्या बसने चांगी व्हिलेज. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, नासी लमाक हा नारळाच्या दुधातला भात खाऊनच पुढे निघा, बेटावर खाण्याची ठिकाणं मोजकी आहेत. जेटीवरची लाकडी बम्बोट बारा माणसं जमली की सुटते. माणशी चार डॉलर, रोख न्या. आम्ही नऊ जण होतो, म्हणून वाट बघणं आलं.

पैठणीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या मला न्याहाळत एका मलाय आजींनी विचारलं, "वेडिंग आह?"

"नो लाह आंटी, बुक," आमचे सावंत म्हणाले. सावंत मालवणचे, जहाजावर इंजिनिअर, अंगात रेशमी झब्बा. मग माझ्याकडे वळून हळूच, "पुस्तकात काय आहे ते विचारलं नाही, वाचलो. तिसऱ्या पानावरच झोप लागली हो मला."

मी पुस्तक पिशवीत खोल सारलं. पण बेटावर उतरलो आणि फेरी अशी काही रंगली की विचारू नका. बेटावर सायकली भाड्याने मिळतात, पण पैठणीत कुठली सायकल? रमतगमत चालत, पत्र्याच्या छपरांची जुनी कांपोंग, म्हणजे मलाय खेड्यातली, घरं बघत, दिसेल त्याला नमस्कार करत निघालो. रानडुक्कर आडवं आलं तेव्हा मात्र सगळ्यांनी निऱ्या-झब्बे वर धरून धूम ठोकली.

गावातल्या जुन्या चिनी नाटकांच्या मंचासमोर डबे उघडले. मी विचारलं, "पुस्तक पूर्ण कुणी वाचलं?" सगळे एकदम कोथिंबीर वडीत गुंतले. संपलं मंडळ, मला वाटलं.

"मी," सुलभाताई म्हणाल्या. "दोनदा."

मी डबा बाजूला ठेवला, त्या बोलतच होत्या.

"हार्लेमच्या लोकांचीही गावं मागे सुटली होती गं. कुठून कुठून आलेली माणसं. पण ज्या गल्लीत भाड्याने राहिली, तिच्यावरच गाणी केली, तिचीच चित्रं काढली. आणि आपण? इतकी वर्षं यिशुनला राहून दर महिन्याला पुणंच वाचतोय."

"यिशुनवर काय लिहिणार, ताई?" सावंत म्हणाले. "नुसते एकसारख्या इमारतींचे ब्लॉकच ब्लॉक."

"नीट बघितलेत का कधी?"

झालं, वाद पेटला. न वाचलेलेही तावातावाने बोलायला लागले, कुणी शेजाऱ्यांच्या पोपटाबद्दल, कुणी सेरंगूनच्या मॉलमध्ये दिवसभर बसणाऱ्या आजोबांबद्दल. मला इतका आनंद झाला होता की जेवायचं भानच राहिलं नाही. परतीच्या बोटीत मंडळाचं काय, हे विचारायचा धीर मात्र झाला नाही.

घरी येऊन पैठणी वाळत टाकली, पाय गरम पाण्यात बुडवले. एवढ्यात ग्रुपवर सुलभाताईंचा मेसेज आला.

"आमच्या ब्लॉकखाली संध्याकाळी चार चिनी म्हातारे बुद्धिबळाचा पट मांडून बसतात. मी मुलाकडे राहायला आले तेव्हापासून त्यांच्या मागून भाजीच्या पिशव्या घेऊन जाते. आज थांबले. एकाने उठून मला खुर्ची दिली. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपापल्या ब्लॉकवर लिहून आणायचं."

मी अजून माझ्या लेखाच्या पहिल्या वाक्यावरच अडकलेय. आमच्या शेजारणीचं नाव मला माहीत नाही, आधी ते विचारून येते.