सरांचा राग गेला तेव्हा

डॉ. केळशीकर सरांची आणि माझी पहिली ओळख म्हणजे मी खाल्लेली पहिली बोलणी. खोपटच्या एसटी डेपोजवळ त्यांचा दवाखाना. तिथे मी मदतनीस डॉक्टर म्हणून रुजू झाले आणि सतत थकवा येणाऱ्या एका बाईंना टॉनिक लिहून दिलं. सरांनी कागद फाडला. "मान तपासलीस? थंडी वाजते का, विचारलंस?" बाहेर बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

ग्रंथींचा कारभार सर सोसायटीच्या भाषेत शिकवतात. मेंदूखालची पिट्युटरी ही सेक्रेटरी, गळ्यातली थायरॉईड हा पंपवाला. पंपवाला ढिला पडला की सगळ्या मजल्यांवरची कामं अडतात आणि सेक्रेटरी चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या धाडते. रक्तात वाढलेलं टीएसएच म्हणजे त्या चिठ्ठ्या. डोंबिवलीच्या काही पेशंटांनी तर आपल्या सोसायटीच्या पंपाची तक्रारही सरांकडेच केली.

कोलशेतच्या एका सुनेला घरचे आळशी म्हणत. तिला थायरॉईडचा त्रास निघाला. सरांनी सासूबाईंना समोर बसवून झापलं आणि त्यांचंही रक्त तपासायला पाठवलं. तिथेही तेच निघालं. आता दोघी सकाळी उपाशीपोटी बरोबरच गोळी घेतात.

असे हे आमचे सर दोन वर्षांपूर्वी अचानक शांत झाले. कुणावर ओरडेनात. रिसेप्शनवरच्या सुषमाताई त्यांची दृष्ट काढायला निघाल्या. सर ऐन मे महिन्यात पंखा बंद करून स्वेटर घालून बसत, तेव्हा आम्ही म्हणालो, वय झालं. हीच सबब सांगणाऱ्या किती नातेवाइकांना सरांनी बाहेर काढलं होतं!

शेवटी सरांच्या पत्नीचा, आमच्या काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "अगं, हे हल्ली भाजीला नावं ठेवत नाहीत. मला भीती वाटते."

सर तपासणीला तयार नव्हते. काकूंनीच त्यांना रक्त द्यायला बसवलं. रिपोर्ट आला, टीएसएच भरमसाट वाढलेलं. नाव झाकून मी तो त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी सावकाश वाचला. "या माणसाच्या आसपास कुणी डॉक्टर नव्हता का?"

"दोघे होते, सर. एक तुम्ही, एक मी."

गोळी सुरू झाली. मंदावलेली नाडी सुधारेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वडील गेल्यापासून मला हक्काने रागावणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

मग एका सकाळी, भरल्या दवाखान्यात, सर माझ्यावर कडाडले. मी एक रिपोर्ट अर्धाच वाचला होता. सुषमाताईंनी देवाला हात जोडले. मी मान खाली घालून उभी होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

पंच्याहत्तरी गाठलेल्या सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांच्या शंभरीच्या समारंभात माझं भाषण लांबेल, तेव्हा त्यांनी मला भर सभेत ओरडून खाली बसवावं, एवढंच मागणं आहे.