करवलीचा मान

लग्नं पत्रिकेमुळे मोडतात, हुंड्यामुळे मोडतात किंवा मुलाच्या व्यसनामुळे मोडतात असा ज्यांचा समज आहे, त्यांनी एकदा आमच्या मामांना भेटावं. मामांच्या मते आजवर मोडलेलं प्रत्येक लग्न, फुटलेलं प्रत्येक घर आणि बीड जिल्ह्यातल्या निम्म्या निवडणुकांचे निकाल यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. करवली चुकीची निवडली. किंवा बरोबर निवडली, पण मागायला चुकीच्या पद्धतीनं गेले. नवरीच्या पाठीशी हातात पाण्याचा करा आणि दिवा घेऊन उभी राहणारी ही मुलगी पाहुण्यांच्या लेखी मांडवातली एक नटलेली पोर असते. मामांच्या लेखी सगळा मांडव तिच्या दोन मनगटांवर उभा असतो.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. माजलगावच्या मोंढ्यात त्यांनी उभी हयात धान्याची दलाली केली. ज्वारीचे चार दाणे तळहातावर घेऊन ती कुठल्या गावच्या रानातली हे सांगणारा माणूस. स्वतः लग्न केलं नाही, आणि दुसऱ्याचं एकही चुकवलं नाही. बायकांच्या कामात पुरुषानं तोंड घालू नये हे त्यांना सांगायला कोणी धजत नसे, कारण सांगणाऱ्याच्या घरीही पुढेमागे लग्न निघणारच होतं आणि करवलीवरून रुसवा झाला की मिटवायला मामाच लागत.

करवली कशी असावी? मामा बोट वर करून सांगत. नवरीपेक्षा उंच नको. फार बुटकीही नको, फोटोत नवरी पाण्याच्या टाकीवर उभी राहिल्यासारखी दिसते. हसरी हवी, खिदळणारी नको. रडकी तर मुळीच नको, "पाठीमागून हुंदका आला की नवरीला वाटतंय, हिला कायतरी ठावं हाय जे मला न्हाई." एवढ्यावर पसंत पडलेल्या मुलीची मग परीक्षा व्हायची. अंगणात तिला काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन उभी करायची आणि मामांनी स्वतः मंगलाष्टकं म्हणायची. आवाज मोंढ्यातल्या लिलावात तयार झालेला. त्यांनी "सावधान" म्हटलं की गल्लीतल्या बसलेल्या म्हशी उठून उभ्या राहत. मुलीच्या तांब्यातलं पाणी हललं नाही तर मामा मान डोलवत, "माल चोख हाय!" आपण हे एका माणसाच्या लेकीबद्दल बोललो याचं भान त्यांना पुढच्या वाक्याला येई आणि मग ते दोन्ही कानांना हात लावत.

मागायला जाण्याचं शास्त्र याहून अवघड. करवली फोनवर मागायची नाही. वाटेत भेटली म्हणून मागायची नाही. घराच्या मागच्या दारानं जायचं नाही, ते दार कितीही जवळ असो. गेल्यावर होकार मिळेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. मुलीला विचारायचं नाही, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारायचं. आणि त्या माणसानं पहिल्यांदा नाही म्हणायचं. पहिला नकार हा मान असतो. दुसरा नकार हा रुसवा. दोन्हीतला फरक मामा समोरच्याच्या पापण्यांवरून ओळखत.

एकदा एका लग्नात दोन चुलत बहिणींचा मान अगदी सारखा निघाला. एक राहायला माजलगावात, दुसरी बीडला. जिला आधी विचारू तिची दुसरी वैरीण होणार. मामांनी दोन माणसं दोन घरांच्या दारांशी उभी केली, फोन जोडून दिले आणि ते स्वतः मध्येच कुठंतरी धाब्यावर बसून दोघांना सांगू लागले, "मी 'हां' म्हणलं की दोघांनी संगंच कडी वाजवायची." तेवढ्यात धाबेवाल्यानं विचारलं, "चहा आणू का?" मामा म्हणाले, "हां." बीडकडच्या माणसानं कडी वाजवली. माजलगावच्या माणसाला वाटलं, हे चहाचं चाललंय. दोन्ही बहिणी अजून एकमेकींशी बोलत नाहीत. मामांनी मात्र त्या दिवसापासून कडीच्या वेळी चहा सोडला.

अशा मामांसमोर माझी मुलगी वैशू, पुण्याहून सुटीला आलेली, लग्न ठरल्याच्या आनंदात म्हणाली, "मामाआजोबा, माझ्या चार मैत्रिणी ब्राइड्समेड आहेत. सगळ्यांचे सारखे लव्हेंडर गाऊन."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "करवल्याच म्हणायच्या."

"मेड म्हंजी मोलकरीण ना रं? मोंढ्याच्या बंगल्यावर हाय की एक पाटी, मेड पाहिजे म्हणून. पाव्हण्यांच्या लेकींना मोलकरणी म्हणता?" ते थांबले. "अन् मागायला कोण गेलतं?"

"व्हॉट्सॲपवर विचारलं," वैशू म्हणाली. "सगळ्यांनी अंगठे पाठवले."

अंगठा दाखवणं याचा आमच्याकडे होणारा अर्थ मामांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला होता. मग त्यांनी टोपी नीट केली आणि मला म्हणाले, "नारळं घे. पुण्याला जायचंय."

पुण्याचा तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. पहिली मैत्रीण एका मोठ्या कंपनीत. फाटकावर नारळ तपासणीच्या यंत्रातून गेला तेव्हा मामा त्याच्या बाजूबाजूनं चालत गेले, मानाची वस्तू एकटी सोडायची नाही म्हणून. मुलगी गळ्यात ओळखपत्र अडकवून धावत खाली आली. पुरुषानं ओटी भरायची नसते आणि आई गुडघ्यांमुळे आणि माझी बायको लग्नघरच्या कामांमुळे घरी राहिलेली, म्हणून मामांनी फाटकावरच्या रखवालदार बाईंना हात जोडले. त्या लातूरकडच्या निघाल्या. त्यांनी शिटी खिशात घातली, पदर नव्हता तर रुमाल डोक्यावर घेतला आणि कुंकू लावून ओटी भरली. तोवर मागे गाड्यांची रांग लागली होती. एकही हॉर्न वाजला नाही.

दुसरी त्याच कंपनीतली, केरळची. मराठी येत नाही. तिनं नारळाकडे आणि मामांकडे आळीपाळीनं बघितलं. मामा अदबीनं म्हणाले, "बाई, तुमच्याकडं नारळ लई आस्तेत, ठावं हाय. पण ह्यो मानाचा हाय." वैशूनं फोनवरून तर्जुमा करून सांगितला तेव्हा ती मुलगी मामांच्या पाया पडली. उरलेल्या दोघी एका फ्लॅटमध्ये राहत होत्या. तिथं मामांपुढे धर्मसंकट उभं राहिलं; कंपनीच्या फाटकावर घराचा प्रश्नच नव्हता, पण इथं घर होतं आणि घरात वडीलधारं माणूसच नव्हतं. मुली म्हणाल्या, "आजोबा, आम्हालाच विचारा ना." मामांनी मान हलवली आणि बसून राहिले. शेवटी डबा देणाऱ्या काकू आल्या. मामा उठून उभे राहिले, "ताई, ह्या पोरींना आमच्या मांडवात धाडाल का?"

काकू घाबरून म्हणाल्या, "का हो, काल भाजीत मीठ जास्त झालं होतं का?"

सगळा उलगडा झाल्यावर मात्र त्या पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "मी कोण यांची, मला विचारायला?" मामा म्हणाले, "जेवू कोण घालतं पोरींना?" मग काकूंनी रीतीप्रमाणे आधी नाही म्हटलं, कारण मामांनीच त्यांना तसं सांगितलं, आणि मग डोळे पुसत हो म्हटलं.

पुणं जिंकून आलो आणि घरी युद्ध पेटलेलं होतं. माझे थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणतात, शेजारच्याच घरात राहतात. त्यांची पिंकी ही वैशूची सख्खी चुलत बहीण. करवलीचा पहिला हक्क तिचा. दादांनी निरोप धाडला होता, "परक्या पोरी मांडवात मिरवणार अन् माझी लेक पाव्हण्यांना पाणी वाटणार? मी मांडवात पाय ठेवणार न्हाई."

दोन्ही घरांच्या मध्ये एक सामाईक दार आहे. मामा त्यातून गेले नाहीत. नारळ घेऊन, गल्लीला वळसा घालून, रस्त्यानं समोरच्या दारी गेले. मी मागे. दादांनी पहिला नकार दिला. मामा प्रसन्न होते. दादांनी दुसरा नकार दिला. मामांनी त्यांच्या पापण्या बघितल्या आणि ओट्यावर बसकण मारली. ऊन चढलं. वहिनीनं पाणी आणलं, मामांनी तांब्याला हात लावला नाही. दादा तिसऱ्यांदा नाही म्हणाले तेव्हा मामांचे ओठ सुकून पांढरे झाले होते. मला खरंच काळजी वाटू लागली.

तेवढ्यात आतून पिंकी बाहेर आली. "बाबा, तुम्ही हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, मी येणारच नाही," ती म्हणाली. "हक्क कशाला पाहिजे मला? वैशूनं चार मैत्रिणींना विचारलं. मला विचारलं नाही. तिला वाटलं, पिंकी काय, आहेच. तुम्ही पण आजोबा, बाबांनाच विचारताय. मला अजून कोणीच विचारलेलं नाही."

मामांचं सगळं शास्त्र उन्हात उघडं पडलं होतं आणि ते त्यांना दिसत होतं. ते सावकाश उठले, पिंकीसमोर गेले, नारळ पुढे केला. आवाज मोंढ्यातला नव्हता.

"चुकलं माझं. बाई, तू येशील का?"

पिंकी म्हणाली, "आधी वैशूला पाठवा."

वैशू सामाईक दारातच उभी होती. ती त्या दारानं यायला निघाली तर मामा ओरडले, "रस्त्यानं ये!" ती चप्पल न घालता गल्लीला वळसा घालून तापलेल्या डांबरावरून उड्या मारत आली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मामांनी तांब्या उचलला तो रिकामा होईपर्यंत तोंडापासून काढला नाही.

लग्नात पिंकी करा घेऊन पुढे आणि चौघी मैत्रिणी दिवे घेऊन तिच्या मागे अशी रांग लागली. "वांग्याच्या फुलावानी दिसत्यात पोरी," मामा म्हणाले. त्या रंगाचं याहून बरं नाव मी ऐकलेलं नाही. पण मुहूर्त टळत चालला होता, कारण आमच्याकडे पुढारी आल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. माइकवरचा माणूस दर थोड्या वेळानं सांगे, "साहेबांनी गेवराई सोडलेली आहे." साहेबांनी गेवराई इतक्या वेळा सोडली की ते तिथं पुन्हा पुन्हा परत जात असावेत. पिंकीच्या कऱ्यातलं पाणी हिंदकळू लागलं. केरळच्या मुलीचा दिवा पंख्याच्या वाऱ्यानं विझू लागला, तेव्हा मामा त्याला टोपीचा आडोसा करून उभे राहिले. मग तिसऱ्या की चौथ्या गेवराईला त्यांनी टोपी डोक्यावर घातली, मंचावर चढले आणि माइक घेतला.

"साहेब आल्यावर साहेबांचं बघू. पोरींचे हात दुखायलेत. भटजी, सुरू करा."

दादांनी डोक्याला हात लावला. आणि मग बायकांच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. साहेब जेवणाच्या पंगतीला पोचले; त्यांना कोणी काही सांगितलं नाही आणि त्यांनी जिलबी दोनदा मागून घेतली.

खरी अडचण संध्याकाळी आली. नवरीसोबत सासरी पहिल्यांदा जाणारी पाठराखीण कोण, हे ठरवायचंच राहिलं होतं. मैत्रिणींची पुण्याची गाडी निघायची होती, पिंकीची दुसऱ्या दिवशी परीक्षा. वैशू हसून म्हणाली, "मला कशाला कोणी? पुण्यात एकटीच राहते की मी." पण नांदूरघाटला, तिच्या सासरी जाणारी गाडी सुरू झाली तेव्हा तिनं माझा हात धरला तो सुटेना. तेवढ्यात गाडीचं पलीकडचं दार उघडलं आणि धोतराचा सोगा सावरत, हातात पिशवी घेऊन, मामा नवरीच्या शेजारी बसले.

"मामा, तुम्ही?" जावईबापू पुढच्या सीटवरून वळले.

"पाठराखीण," मामा म्हणाले. "चला."

नंतर वैशूच्या सासरी सत्यनारायणाला गेलो तेव्हा त्या घरची हकिकत कळली. मिशीवाली पाठराखीण बघून आधी सगळे बुचकळ्यात पडले. झोपायला कुठं द्यायचं यावर बायकांची बैठक बसली आणि त्यांची बाज वैशूच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर टाकली गेली. परातीतल्या पाण्यात अंगठी शोधायच्या खेळात मामा "डाव्या अंगाला, बाई, डाव्या!" असं लिलावाच्या आवाजात ओरडले आणि वैशू जिंकली. मामांना घेऊन आम्ही निघालो तेव्हा विहिणबाईंपुढे प्रश्न पडला. पाठराखणीला साडी देतात. त्यांनी भीतभीत साडी पुढे केली. मामांनी उपरणं पसरलं आणि मान खाली घालून ओटी घेतली. कोणी हसलं नाही.

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मामा तिच्याशेजारी टेकले आणि पिशवीतून ती हिरवी साडी काढून तिच्या मांडीवर ठेवली.

"पाठराखणीची हाय, अक्का. तू नेस."

आईनं साडीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या टायमाला घरात बाईमाणूस न्हव्तं कुणी. माय गेलेली. एकटीच गेलते मी."

"मी निघालतो की," मामा म्हणाले. "पिशवी भरून निघालतो. त्यांनी जीपमंदी घेतलंच न्हाई मला. म्हणले, पाठराखणीला पोरगं कुठं आस्तंय?"

"मला ठावं न्हव्तं," आई म्हणाली.

"तुला कसं ठावं आसल? तू रडत हुतीस."

मामांनी एक शेंग उचलली, फोडली आणि दाणे आईच्या तळहातावर ठेवले.